१२ व्होल्टच्या शिक्क्यावरून चार्जर ठरवू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लेड अ‍ॅसिड बॅटरी निकामी झाली की तिच्या जागी लिथियम बॅटरी आणणाऱ्यांची संख्या वाढते आहे. वजन कमी, पाणी घालायची कटकट नाही, आयुष्य जास्त. निर्णय चांगलाच आहे. पण बॅटरी बदलते आणि चार्जर जुनाच राहतो. ‘दोन्हींवर १२ व्होल्टच लिहिलंय, मग काय हरकत आहे?’ हा प्रश्न बॅटरी दुरुस्तीच्या कामात मला सतत ऐकावा लागतो. हरकत आहे, आणि ती ग्राहकाला कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

१२ व्होल्ट हे ढोबळ नाव आहे. लेड अ‍ॅसिड बॅटरीत साधारण २ व्होल्टचे सहा सेल ओळीने जोडलेले असतात. तिचा चार्जर व्होल्टेज १४.४ किंवा थोडे वर नेतो, काही तास तिथेच धरतो आणि मग १३.५ ते १३.८ वर ‘फ्लोट’ला ठेवतो, म्हणजे भरलेली बॅटरी उतरू नये म्हणून थोडे व्होल्टेज चालूच ठेवतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५, म्हणजे चौघांची मिळून १४.६. आकडे इतके जवळ असल्यामुळेच घोटाळा होतो. चार्जिंग सुरू होते, हिरवा दिवा लागतो, कित्येक महिने काही बिघडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो.

पण याच १२ व्होल्टच्या नावाने निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या तीन लिथियम सेलचा पॅकही विकला जातो. त्याची कमाल मर्यादा १२.६ व्होल्ट. त्यावर १४.४ व्होल्टचा चार्जर लावला तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात, आणि सेलची मर्यादा ४.२ ची. संरक्षण सर्किटने वेळेवर तोडले नाही तर पॅक पेट घेऊ शकतो.

सर्वांत जास्त नुकसान करतात त्या जुन्या चार्जरमधल्या खास सोयी. लेड अ‍ॅसिडच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. तो काढण्यासाठी काही चार्जर उच्च व्होल्टेजचे झटके देतात, तर काही ‘इक्वलायझेशन’च्या, म्हणजे सगळे सेल सारखे भरण्याच्या, नावाखाली १५ व्होल्टच्या वर जातात. लिथियमच्या सेलमध्ये सल्फेट नसतेच, त्यामुळे उपयोग काही नाही आणि धोका मात्र पुरेपूर. माझ्याकडे आलेला एक पॅक बाहेरून कोरा दिसत होता. झाकण काढले तर एक सेल दोन्ही बाजूंनी फुगून शेजारच्या सेलला रेटत होता आणि त्याला जोडणारी पट्टी वाकली होती. बीएमएस, म्हणजे संरक्षण सर्किट, तपासले तर त्यावरचे मॉस्फेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेले. ते शॉर्ट झाल्यावर चार्जिंग तोडणारे कुणी उरलेच नव्हते. चार्जर जुनाच होता आणि त्यात झटके देणारी ही सोय आपोआप सुरू होणारी होती.

‘बीएमएस आहे ना, ते सांभाळून घेईल,’ असे विकणारेही सांगतात, याचे मला फार वाईट वाटते. घरातला एमसीबी रोज पाडून कुणी दिवे बंद करत नाही. बीएमएसही तसाच अखेरच्या क्षणासाठी आहे. शिवाय बॅटरी पूर्ण उतरल्यावर बीएमएसने तोडले की टर्मिनलवर जवळपास शून्य व्होल्ट दिसतात. जुना चार्जर मग बॅटरी ओळखतच नाही, आणि चांगला पॅक ‘गेला’ म्हणून भंगारात जातो.

थंडीचा मुद्दाही आहे. लेड अ‍ॅसिडचे बरेच चार्जर तापमान उतरले की व्होल्टेज वाढवतात. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केला तर लिथियम आत मुरण्याऐवजी धातूच्या रूपात ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकाच्या पत्र्यावर, साचू लागते. त्याने क्षमता कायमची घटते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता वाढते.

जुना चार्जर कधीच चालत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. काही उत्पादक आयर्न फॉस्फेट बॅटरीसाठी तशी मुभा देतात. व्होल्टेज १४.६ च्या वर जाता कामा नये, झटके, इक्वलायझेशन आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणे बंद करता आले पाहिजे, आणि बॅटरी भरली की चार्जर काढून ठेवावा. लिथियम बॅटरी पडून राहिली तरी फार हळू उतरते, तिला फ्लोटची गरज नाही. सतत काठोकाठ भरलेली ठेवली तर उलट लवकर थकते.

पण ग्राहकाने हे ओळखायचे कशावरून? ४८ व्होल्टच्या पॅकचेच पाहा. १३ सेलचा निकेल-मँगनीज-कोबाल्ट पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो आणि १६ सेलचा आयर्न फॉस्फेट ५८.४ ला. बाहेर शिक्का एकच, ‘४८ व्होल्ट’. म्हणून उत्पादकांकडे माझी मागणी आहे की सेलचा प्रकार, ओळीतल्या सेलची संख्या आणि चार्जिंगचे कमाल व्होल्टेज बॅटरीच्या अंगावरच ठळक छापावे. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर नको. चार्जरवरही तो प्रत्यक्षात किती व्होल्टपर्यंत जातो आणि कोणत्या प्रकारच्या बॅटरीसाठी आहे, हे लिहिलेले असावे. आपल्या दैनिकाने हा विषय विकणाऱ्यांपर्यंत आणि बॅटरी बसवणाऱ्या कारागिरांपर्यंत पोहोचवावा, ही विनंती. चार्जर बदलायला सांगणारा पहिला माणूस बॅटरी विकणारा किंवा बसवणाराच असायला हवा, पॅक उघडून बघणारा मी नव्हे.

आपला,
एक वाचक आणि बॅटरी दुरुस्ती कारागीर