सिम्युलेशन कर, पण आधी चार कोपरे मोज

दादू,

परवा फोनवर बोललास ते डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय, फोनवर तू नुसतं हं हं करतोस. पेशींचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, म्हणजे पेशी कशी वागते ते प्रोग्रामने करून बघायचं, त्यातच पीएचडी, माझी ना नाहीये. मामाने पॅकेज विचारलं तेव्हा मीच सांगितलं, फेलोशिप महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. गप्प बसला. मला खटकलं ते एवढंच की तू म्हणालास, "बरंय आई, लॅबमध्ये हात घालायला नको."

अरे 24 वर्षं मिरजेत रक्त तपासायच्या लॅबमध्ये पेशीच मोजतेय मी. आता मशीन आहे, पण सुरुवातीला सगळं चेंबरवर, म्हणजे बारीक चौकटी आखलेल्या काचेवर, रक्त 20 पट पातळ करायचं, चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि बेरजेला 50 ने गुणायचं. एक पेशी जास्त धरली की रिपोर्टात 50 वाढल्या! नीट हलवलं नाही की पेशी एका कोपऱ्यात गोळा, आकडा दिसायला झकास आणि साफ खोटा. माझ्याकडून झालंय एकदा, डॉक्टरांनी पेशंटकडे बघूनच ओळखलं. तुझा प्रोग्राम नाही ओळखणार, तो आपला गुणत बसेल.

तू पाठवलेलं ते स्टॅनफर्डचं वाचलं बरं का, 2012 चं, 525 जीन्सचा एक एवढासा जंतू अख्खा कॉम्प्युटरवर उभा केला. पण त्यासाठी 900 च्या वर पेपर चाळले आणि 1,900 हून जास्त आकडे गोळा केले म्हणे. ते आकडे कुणीतरी माझ्यासारखंच मान मोडून मोजले असणार ना? आणि मज्जातंतूतून वीज कशी जाते याचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन-हक्सलेंचं तूच सांगितलंस, स्क्विडच्या जाड मज्जातंतूत वायर घालून करंट आधी स्वतः मोजला आणि मग केंब्रिजचा कॉम्प्युटर बंद म्हणून हक्सलेंनी हँडल फिरवायच्या मशीनवर गणितं केली. 1952 चं काम, 1963 ला नोबेल. मोजणारे तेच, गणित करणारेही तेच.

बाबांचं आठवतंय? 2019 च्या पुरात कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं त्यावरून सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट येणार याचा हिशोब वहीत मांडत बसलेले, पहिल्या दिवशी बरोबर आला म्हणून जाम खूश. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथे तिचा फुगवटा येतो तो धरलाच नव्हता. 45 ला धोका पातळी, पाणी गेलं 57 वर, आणि वही खालच्याच मजल्यावर राहिली. (हे त्यांना दाखवू नकोस.)

म्हणून पुण्याच्या आयसरला नाहीतर बंगळुरूच्या एनसीबीएसला, कुठल्याही संशोधन संस्थेत इंटरव्ह्यूला गेलास की नुसतं मोठ्या कॉम्प्युटरचं विचारू नकोस, तिथल्या पोरांना विचार, कोड लिहिणारे पेशी वाढवतात का, आणि मॉडेल चुकलं की प्रयोग परत कोण करतं. दुसऱ्या लॅबचे आकडे मेलवर मागवून चालतं तिथे जाऊ नकोस असं आपलं मला वाटतं. तुझ्यासारख्या फिजिक्सवाल्याला पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, धरायला चार-सहा महिने जातील, जाऊ देत. हात थरथरतो सुरुवातीला, माझाही थरथरायचा.

जुनं चेंबर अजून कपाटात आहे, आमच्या सरांना विचारून ठेवलंय. दिवाळीत शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते, माझंच रक्त घेऊ. एक कोपरा तू मोज, तोच मी मोजते, दोघांचा आकडा किती जुळतो बघू.

आई