आमच्या पहिल्या अल्बममागची माणसं

यंत्रांचे आवाज संगीतात मिसळणाऱ्या आमच्या इंडस्ट्रियल रॉक बँडचा पहिला अल्बम पूर्ण झाला. कव्हरवर आमची नावं आहेत. पण ‘आमचं नाव छापू नका’ असं सांगणाऱ्यांचे आभार इथे जाहीरपणे मानायचे आहेत.

सर्वात आधी त्या वर्कशॉपमधले कामगार. आम्हाला पॉवर प्रेसचा (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचा) खराखुरा ठोका हवा होता, तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा, नको होतं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बाकीची यंत्रं बंद ठेवून फक्त प्रेस चालवला, आणि कॉन्टॅक्ट माइक नेमका कुठे चिकटवला तर कंप स्वच्छ येईल, तेही दाखवलं. हा माइक हवेतला आवाज नाही, धातूची थरथर टिपतो. लोखंडाच्या पोटातला तो घुमारा पुढे आमचा किक ड्रम (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) झाला. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेल्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडने भंगार आणि ड्रिल मशीन वाद्यांसारखी वाजवली. दादांनो, त्या परंपरेत आता तुम्हीही आहात.

मिक्सिंग करणाऱ्या ताईंचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. गिटार, सिंथ (सिंथेसायझर) आणि गायकाचा आवाज, तिन्हींवर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेला खरखरीतपणा, चढलं की मधल्या फ्रिक्वेन्सीत नुसती गर्दी होते. त्यांनी प्रत्येकाला जागा करून दिली, आणि ‘शब्द ऐकू आलेच पाहिजेत’ यावर शेवटपर्यंत ठाम राहिल्या. त्या होत्या म्हणून शेवटचं गाणं उभं राहिलं.

तालमी सहन करणारे शेजारी, सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) वापरायला देणारा मित्र, तुमचेही मनापासून आभार. प्रती आल्या आहेत. आपापली प्रत नक्की घेऊन जा.