पंच्याहत्तर किलोच्या वरच्या मुलींचं काय? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येता तेव्हा विधान भवनाच्या वाटेवर मोर्चांची रांग असते. माझं म्हणणं मोर्चा काढण्याएवढं मोठं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मी मेस चालवते, रोज चाळीस डबे जातात. मुलगी 16 वर्षांची आहे, चार वर्षांपासून बॉक्सिंग करते आणि तिचं वजन 82 किलो आहे. आकडा आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

अंगाने भरलेल्या पोट्टीला लोक काय काय ऐकवतात, ते मी सांगायला नको. शेजारच्या बायांना तिच्या लग्नाची काळजी, नातेवाइकांचं लक्ष तिच्या ताटावर. बॉक्सिंगला गेली तेव्हा पहिल्यांदाच कोणीतरी तिला काट्यावर उभं केलं, आकडा वहीत लिहिला आणि फक्त एवढंच म्हटलं, "ठीक, हा तुझा गट." त्या दिवशी तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी वाढल्या.

तिच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने अल्फिया पठाणचा पेपरमधला फोटो चिकटवलेला आहे. अल्फिया आमच्या नागपूरचीच, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात घडलेली. 2021 मध्ये पोलंडला झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत भारताच्या सात मुलींनी सुवर्ण जिंकलं, त्यात 81 किलोवरच्या गटात ही होती. पुढच्याच वर्षी अम्मानला मोठ्यांच्या आशियाई स्पर्धेतही सुवर्ण. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "आई, मग ही ऑलिंपिकला का नाही गेली?"

मला उत्तर माहीत नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं. पॅरिसला मुलींचे सहाच वजनगट होते आणि सगळ्यात वरचा 75 किलोचा. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतही तेच. त्याच्या वर गटच नाही. म्हणजे आशियात पहिली आलेली बाई ऑलिंपिकच्या निवडीतसुद्धा धरली जात नाही, आणि त्यात तिची चूक एवढीच की देवाने तिला जरा मोठं केलं.

मेरी कोमचंही असंच झालं होतं, फक्त उलट बाजूने. 2012 ला लंडनमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकला आलं तेव्हा तीनच गट होते: 51, 60 आणि 75. तोवरची तिची पाचही जागतिक सुवर्णं 45, 46 आणि 48 किलोतली. तिने वजन वाढवलं, 51 मध्ये उतरली आणि कांस्य आणलं. तिला वर चढावं लागलं. आमच्या पोरींना खाली उतरा म्हणतात.

मागच्या वर्षी निवड चाचणीच्या आधी एका जाणत्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "75 मध्ये आणा हिला, वरच्या गटात भविष्य नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्ही ऐकलं. पहाटे प्लास्टिकचं जाकीट घालून पळणं, संध्याकाळी अर्धी भाकर आणि मुगाचं पाणी. चाळीस जणांना पोटभर जेवू घालणारी मी, स्वतःच्या लेकीला भात वाटीने मोजून देत होते. सहा आठवड्यांत ती 77 वर आली. चिडचिडी झाली, सरावात हात जड पडू लागले, आणि दोन महिने पाळी आली नाही. डॉक्टर बाईंनी तिला काही म्हटलं नाही, मला झापलं. बरोबरच केलं. त्या चाचणीला आम्ही गेलोच नाही.

ऑलिंपिकचे गट बदला, असं मी म्हणत नाही. ते आपल्या हातात नाही. पण सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत काय झालं ते बघा. भारताला चार पदकं मिळाली आणि चारही मुलींची. जास्मिन लंबोरियाचं सुवर्ण 57 किलोतलं, तो गट ऑलिंपिकला आहे. मीनाक्षी हुड्डाचं सुवर्ण 48 मध्ये, नुपूर श्योराणचं रौप्य 80 च्या वर, पूजा राणीचं कांस्य 80 मध्ये. हे तिन्ही गट ऑलिंपिकला नाहीत. चौघीही हरियाणाच्या. 'तुमचा गट ऑलिंपिकला नाही' म्हणून त्यांना कोणी घरी बसवलं असतं, तर आपल्या हाती एकच पदक उरलं असतं.

खेळाडू घडवण्यासाठीच्या आपल्या राज्याच्या मिशन लक्ष्यवेध योजनेत बॉक्सिंग आहे. त्यातल्या खेळाडूंच्या याद्या करताना मुलींचे जागतिक स्पर्धेतले दहाही गट धरावेत, हे माझं मुख्य मागणं. अठरा वर्षांखालच्या मुलीला डॉक्टरने तपासल्याशिवाय कोणी वजन उतरवायला सांगू नये, असं एक लेखी पत्रकही काढा. नागपूर विभागाला एक आहारतज्ज्ञ द्या, पण ज्वारीची भाकर आणि वरण ओळखणारी. ओट्स आणि ब्रोकोलीचा छापील तक्ता आमच्याकडे आहे, तो मी डब्यांच्या कपाटात अंथरला आहे.

आणि सरावाला जोडीदार. तिच्या वजनाची मुलगी आम्हाला नागपुरात आजवर एकच भेटली, ती बारावीमुळे येणं बंद झाली. मग ही मुलांसोबत खेळते. काही मुलं हात राखून मारतात, काही अजिबात राखत नाहीत, आणि दोन्हींत ती काही शिकत नाही. पुण्याचं बालेवाडी आमच्यापासून सातशे किलोमीटर, रोहतकची बॉक्सिंग अकादमी तर दिल्लीच्याही पुढे. अकोला, अमरावती, चंद्रपूर, भंडारा इथल्या भारी गटातल्या मुली दर तीन महिन्यांनी आठ दिवस मानकापूरला एकत्र आणल्या, तर खर्च तो काय? जेवणाचं मी पाहते, हवं तर ना नफा ना तोटा.

पुढच्या चाचणीला ती 80 किलोवरच्या गटात उतरणार आहे. अधिवेशनात सवड झाली तर एखाद्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचा सराव बघायला या. आपल्या कार्यालयाने कळवलं की पत्ता पाठवते. पोहे माझ्याकडून. तर्री वेगळ्या वाटीत देते, झेपेल तेवढी घ्या.

आपली नम्र,
एका बॉक्सरची आई,
नागपूर