डी म्हणजे शेवटची स्टेज नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

मी बरीच वर्षं एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, काउन्सेलर होते. परवा एक ओळखीचा पेशंट घरीच आला, एचआयव्ही आहे, सोबत हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा व्हायरस, तो पण. हातात एका खाजगी लॅबचा रिपोर्ट, त्यावर जीनोटाइप डी. म्हणतो, "ताई, ए बी सी डी, म्हणजे चौथी स्टेज ना? संपलं का सगळं?" घरच्यांनी काविळीची माळ पण घातली होती गळ्यात, आता बोला!

अहो, ही अक्षरं म्हणजे स्टेज नाही, व्हायरसची भावकी आहे. ए पासून जे पर्यंत दहा जीनोटाइप मोजतात, आपल्या देशात जास्त करून डी आणि त्याखालोखाल ए सापडतो, सी पूर्वेकडे. फरक आहे, नाही असं नाही. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनला ए बरा दाद देतो, डी तेवढा नाही, आणि डी मध्ये ई अँटिजेन (व्हायरस जोरात वाढतोय का ते बघायची रक्ततपासणी) निगेटिव्ह येऊनही आत व्हायरस वाढत असतो असं बऱ्याचदा होतं, त्यामुळे त्या एका रिपोर्टवर खूश व्हायचं नाही.

पण एचआयव्हीवाल्याला रोजची जी टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) गोळी मिळते ना, त्यातलं टेनोफोविर आणि लॅमिवुडिन दोन्ही हिपॅटायटिस बी वर पण चालतात, अक्षर कुठलंही असो. पूर्वीच्या झिडोवुडिनवाल्या गोळीत बी वर एकटी लॅमिवुडिन लढायची आणि चार-पाच वर्षांत बहुतेकांचा व्हायरस तिला जुमानेनासा व्हायचा. आता खरी भीती गोळी बंद पडण्याची आहे. ऊसतोडीला गेला, गोळ्या संपल्या, महिनाभर खंड पडला की लिव्हर एकदम भडकू शकतं. किंवा क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलं म्हणून टेनोफोविर काढून अबाकाविर हे एचआयव्हीचं दुसरं औषध दिलं आणि बी चा रिपोर्ट कोणी बघितलाच नाही, अबाकाविर बी वर काहीच करत नाही. म्हणून माझं म्हणणं, पेशंटच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर "हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह" असं ठळक लिहा, कोपऱ्यात पेन्सिलने नको. आणि गरिबाला जीनोटाइप करायला लावण्याआधी त्याने उपचारात नक्की काय बदलणार ते तरी त्याला सांगा.

ह्याने टेस्टसाठी उसने पैसे काढले होते. बायकोची साधी बी ची टेस्ट मात्र कोणी सांगितलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात करून घेतली, निगेटिव्ह आली, लसीचा पहिला डोस तिथेच दिला. पुढचा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात.

– एक माजी काउन्सेलर, जि. सांगली