शब्बाथ आणि मुलांचा खेळ

मा. संपादक, स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मुलांच्या सुट्टीवरील लेखात, ज्यू धर्मात शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी मुलांना खेळणी हातात घेता येत नाहीत, असे ओघात म्हटले आहे. हे बरोबर नाही. ज्यांना शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्रायली ज्यूंची मायबोली मराठीच. निदान मराठी वृत्तपत्रात तरी त्यांच्या धर्माविषयी असे ढोबळ विधान येऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत वर्ज्य असलेली 39 कामे ‘मिश्ना’ या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात मोजून दिली आहेत. पेरणी, दळण, लेखन, बांधकाम यांच्या जोडीला त्यांत सूत कातणे, रंगवणे, ताणा लावणे आणि दोन धागे विणणे हेही आहे, त्यामुळे मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माझ्यासारख्या सोलापूरकराला ही यादी घरचीच वाटते. खेळण्यांचा निवाडा मुख्यतः हिच्याच आधारे होतो. बाहुली, सोंगट्या, सुटे लाकडी ठोकळे चालतात. चित्रे रंगवणे, ओल्या मातीला आकार देणे किंवा खेळण्यातल्या मागावर पट्टी विणणे चालत नाही, कारण तिथे खेळता खेळता वर्ज्य कामच घडते. मातीच्या जमिनीवर अक्रोड घरंगळवण्याचा खेळही मना आहे, आणि त्याचे कारण आपल्याकडे गोट्या खेळलेल्या कोणालाही पटेल: नेम साधण्याच्या नादात हात नकळत खळगे बुजवून जमीन सारखी करू लागतो.

सर्वच बाबतींत एकमत आहे असे मात्र नाही. 1565 साली व्हेनिसमध्ये प्रथम छापल्या गेलेल्या ‘शुलहान आरुख’ या ज्यू आचारसंहितेत तिचे कर्ते योसेफ कारो यांनी चेंडू खेळण्यास मनाई केली, तर क्राकोचे मोशे इसर्लिस यांनी त्यावरील टिपणीत सवलतीची रूढी नोंदवली. एकमेकांत अडकवायच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना काही रब्बी (ज्यू धर्मगुरू) बांधकाम समजतात, पण इस्रायलचे माजी प्रमुख सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यू परंपरेचे) रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना परवानगी दिली आहे.

शिवाय अजाण बाळाने आपणहून बॅटरीच्या खेळण्याची कळ दाबली, तर त्याचा दोष बाळाला लागत नाही. मोठ्यांनी मात्र ते खेळणे त्याच्या हाती द्यायचे नसते. लेखातील वाक्य दुरुस्त करताना निदान एवढा भेद तरी वाचकांपर्यंत पोहोचावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर