पाय उशीवर होता का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पायाला प्लास्टर असूनही खाटेवरून वर्ग घेणाऱ्या शिक्षकांची बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर हसू आणि मथळ्यात हमखास 'जिद्द'. अशी कात्रणं पूर्वी मीच शाळेच्या फलकावर लावायचे. आता तसा फोटो दिसला की माझी नजर आधी पायाकडे जाते. तो बहुधा खाली लोंबकळत असतो.

मी आठवीला विज्ञान शिकवते. हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटलं, पण ती संपलेली नव्हती. घोट्याची आतली आणि बाहेरची, दोन्ही हाडं मोडली. शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि पहिले काही दिवस तो उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे सूज उतरते.

पाचव्या दिवशी शाळेतून फोन आला. 'दिवसातून एकच तास ऑनलाइन घ्या, मुलं तुमची फार आठवण काढतात.' आठवण काढतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मीही तो फोटो मनात पाहून बसले होते, खोटं कशाला सांगू. तीन दिवस वर्ग घेतला. पाय छातीच्या वर ठेवून लॅपटॉपकडे बघता येत नाही, हे कुणीही करून पाहावं. म्हणून मी उठून बसायचे, पाय खाली यायचा आणि तासाभरात बोटं फुगून जांभळी व्हायची. वेदनाशामक गोळ्यांच्या गुंगीत एकदा मी एकच व्याख्या दोनदा लिहून दिली. पडद्यावरचे निम्मे चौकोन काळे. तिसऱ्या दिवशी टाके दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर जे बोलले, ते मी वर्गातल्या कोणत्याच मुलाला कधी बोललेले नाही.

पण वर्ग थांबवायचं खरं कारण पाय नव्हतं. माझ्या जागी एक तरुण शिक्षिका आल्या होत्या. त्या फळ्याशी उभ्या राहिल्या की मागच्या बाकावरून आवाज यायचा, 'आमच्या बाई असं नाही शिकवत.' हे त्यांनीच मला सांगितलं, तेही माझा वर्ग कसा चाललाय याची मी फोनवर चौकशी केली तेव्हा. 'माझा वर्ग' म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नव्हती. मी रोज तासभर पडद्यावर हजर राहून त्यांच्या पायाखालची फरशी काढून घेत होते. बातमीतल्या जिद्दीच्या फोटोत ही बाई कधीच दिसत नाही.

मग संपर्क तोडायचा का? तसंही नाही. सहा आठवडे छताकडे बघताना शिक्षकालाही वर्ग लागतो, मुलांइतकाच. मी एक दोनशे पानी वही वर्गात पाठवली. दर शुक्रवारी ती माझ्याकडे यायची, सोमवारी परत जायची. नियम दोन. धड्यातली शंका त्या नव्या बाईंनाच विचारायची. आणि वहीत काहीही लिहा, पण माझ्या फोनवर निरोप नको. हा दुसरा नियम मुलांपेक्षा पालकांसाठी होता. रात्री अकराला घटक चाचणीचे गुण विचारणारे पालक हाडाला लवकर जुळू देत नाहीत.

पहिल्या आठवड्यात नुसत्या 'लवकर बऱ्या व्हा' च्या ओळी होत्या, सगळ्यांच्या सारख्या, एकमेकांचं बघून लिहिलेल्या. दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न सुरू झाले. प्लास्टर लावताना पाय गरम लागला का? लागला होता. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलं की प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी होते. तिला पाणी परत मिळालं की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते आणि उष्णता बाहेर टाकते. उष्मादायी अभिक्रिया मी बारा वर्षं फळ्यावर लिहीत आले, ती स्वतःच्या नडगीवर पहिल्यांदा कळली. पॅरिसचा काय संबंध? त्या शहराच्या आसपास जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या. हाड मोडलं हे आत न बघता पूर्वी कसं कळायचं? हाताने चाचपून. 8 नोव्हेंबर 1895 ला राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, बोटातल्या अंगठीसकट. त्या पानावर मी माझ्या घोट्याच्या एक्स-रेची प्रत चिकटवून दिली. ती प्रत वर्गात इतकी फिरली की परत आली तेव्हा तिचे कोपरे मऊ झाले होते.

हाड आपोआप कसं जुळतं, हा प्रश्न एका मुलीने विचारला. वर्षभरात तिने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. मी लिहिलं: आधी तिथे रक्ताची गाठ बनते, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधणी, मग ती कडक होते. पुढे कित्येक महिने शरीर त्या जागेला घासूनपुसून आकार देत राहतं. पुढच्या शुक्रवारी तिचा प्रश्न: 'मग तुम्ही काहीच करत नाही का?' त्यानंतर दर आठवड्याला तिचं अख्खं पान भरलेलं असायचं. ऑनलाइन वर्गाचे ते तीन दिवस ती काळ्या चौकोनांपैकी एक होती.

सगळंच गोड नव्हतं. एकाने लिहिलं, 'नवीन बाई प्रयोग जास्त दाखवतात.' ते वाचून मी वही दोन दिवस उघडली नाही. मग उत्तर लिहिलं, 'कोणता दाखवला? मलाही सांग.' त्याने आकृतीसकट सांगितला. तो आता मीही दाखवते, आणि कुणाकडून शिकले तेही सांगते.

सहा आठवड्यांनी पाय बाहेर आला तेव्हा पोटरी निम्मी झाली होती. आधी कुबड्या, मग काठी. मी काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरली होती. फिजिओथेरपिस्टनी ती दुसऱ्या हातात दिली आणि हा प्रश्न मीच वहीत लिहून पाठवला: असं का? उत्तरं सतरा आली, बरोबर चार. दुखरा पाय पुढे पडतो तेव्हा विरुद्ध बाजूचा हातही पुढे जातो, म्हणून काठी नेमकी वेळेवर टेकते आणि भार वाटून घेते. चारांपैकी दोघं हे वर्गात चालून बघून शिकले होते.

आता मी शाळेत आहे. त्या शिक्षिका दुसऱ्या शाळेत गेल्या. जाताना वहीत त्यांनीही एक पान लिहिलं, ते मुलांसाठी आहे म्हणून इथे सांगत नाही.

माझी विनंती एवढीच. रजा ही रजा असते, तिच्यात तास बसवणाऱ्या शाळांना आपल्या कौतुकाच्या बातम्या आयतं हत्यार पुरवतात. असा फोटो पुन्हा आपल्या टेबलावर आला तर बातमीदाराला दोन गोष्टी विचारायला सांगा: पाय उशीवर होता का, आणि त्या तासाला वर्गात दुसरं कोण उभं होतं.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका

ता. क. घोट्यातले स्क्रू टायटॅनियमचे आहेत, त्यांना चुंबक चिकटत नाही. आठवीच्या वर्गाने खात्री करून घेतली आहे.