वारली झाली, आता आपली भिंत रंगवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या भागात एका शाळेच्या कुंपणभिंतीचे नुकतेच सुशोभीकरण झाले. चौरस फुटाच्या भावाने कंत्राट, गेरूसारखा रंग आणि त्यावर पांढरी वारली. वारलीशी माझे भांडण नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नाच्या चौकातून जगापुढे नेली, तो मोठाच माणूस. पण ती डहाणू-तलासरीकडची. त्या चित्रांतले तारपा हे फुंकवाद्य आमच्या किनाऱ्यावर वाजवतो कोण? आणि इथून तासाभराच्या आत कुडाळजवळ पिंगुळी आहे, जिथे ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गात आले. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्याचे संग्रहालय उभे केले, 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कंत्राटदाराला हे ठाऊक नसेल, मान्य. पण मंजुरी देणारे तर इथलेच ना?

मी चित्रकला शिकवून निवृत्त झाले. मुलांना मासेमारी काढायला सांगितली की बहुतेक जण गळ टाकून बसलेला माणूस काढत. घरचा बापूस रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढायला, जात असला तरी! पुस्तकात असते ते चित्र, दारात असते ते नव्हे, असेच त्यांच्या मनात बसलेले.

भाच्याकडे अमेरिकेत चार्ल्स्टनला गेले होते, तेव्हा गल्ला-गीची लोकांची चित्रे पाहायला मिळाली. दक्षिण कॅरोलायना, जॉर्जियाच्या किनाऱ्यावर आणि लगतच्या बेटांवर राहणारे हे लोक पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. भातशेती जाणणारी माणसे म्हणून त्यांच्या पूर्वजांना तिथल्या खाचरांत राबवले. बाजारात बायका स्वीटग्रास नावाच्या गवताची वेटोळी पामेटो या ताडासारख्या झाडाच्या पातीने शिवत टोपल्या करत बसतात. त्यांतली पसरट टोपली पूर्वी भात पाखडायची, म्हणजे आपले सूपच. आता किनाऱ्यावर बंगल्यांच्या बंदिस्त वसाहती झाल्या आणि गवत कुंपणापलीकडे गेले. (आपल्याकडे समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदी कुठे गेल्या, ते ज्याने त्याने आठवावे.)

जोनाथन ग्रीन हे तिथले नावाजलेले चित्रकार, जन्म 1955 चा. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका, मासे धरणारे, भातात राबणारे असे रोजचे जगणे ते झगझगीत रंगांत रंगवतात. पण मला भिडले ते सेंट हेलेना बेटावरचे सॅम डॉइल (1906-1985). छपराचे टाकाऊ पत्रे आणि घराला मारायचा रंग, एवढेच सामान. विषय कोण? बेटावरचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर, सुईण, मंत्रतंत्राचे औषध देणारा, शेजारीपाजारी. चित्रे मांडली कुठे, तर स्वतःच्या अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. 1982 साली ती वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत गेली, पण त्याआधी वर्षानुवर्षे ती बेटावरच्यांनीच पाहिली. ज्यांची चित्रे, त्यांनीच आधी पाहावीत, हे मला फार योग्य वाटते. आपल्याकडे वारसा म्हटला की तो होमस्टेच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी टांगला जातो.

पत्र्याला आपल्याकडे काय तोटा! तौक्ते वादळाने उडवलेले पत्रे अजून कित्येकांच्या परड्यात पडून आहेत. घासून, प्रायमर मारून मुलांच्या हाती द्या. गावातली सुईण, दशावतारात स्त्रीपार्ट करणारा, पहिली एसटी आणणारा ड्रायव्हर, इरले विणणारी आजी, ज्यांची नावे घरोघर माहीत आहेत अशी माणसे रंगवू द्या. रापण काढायची तर आधी किनाऱ्यावर उभे राहून पाहा: होडी जाळे सोडत अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात, दोन रांगा टाचा रोवून मागे मागे सरकत ओढतात आणि शेवटी मासळीचे वाटे पडतात. पुढचा आणि मागचा माणूस सारखा वाकत नाही, हे फोटोवरून उतरवणाऱ्याला जमत नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी यांत्रिक बोटी मासळी समुद्रातच घेरतात, त्यामुळे रापणी रोडावल्या आहेत, तेव्हा पाहायचे ते आताच पाहायला हवे. चित्राने मासळी परत येणार नाही, ती लढाई वेगळी.

चित्रकथीची शैली वापरायची असेल तर पिंगुळीच्या कलाकारांनाच बोलवावे आणि कंत्राटदाराला देता तोच दर त्यांना द्यावा. फुकटात 'कलेची सेवा' करायला सांगू नये.

त्या शाळेची मैदानाकडची भिंत अजून कोरी आहे. तिची निविदा निघण्याआधी पंचायतीने शाळेतल्या मुलांना आणि रापणकरांना एकत्र बसवावे, अशी विनंती आहे. शिकवायला मी येईन, मानधन नको.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग